पृथ्वीच्या पोटात कोण जाऊन आलं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर पृथ्वीचं कापलेलं चित्र आलं होतं. वर भूकवच, त्याखाली लालभडक प्रावरण, मग नारिंगी बाह्यगाभा आणि मधोमध पिवळाधमक अंतर्गाभा. शेजारी बाण आणि आकडे : 35 किमी, 2,900 किमी, 5,150 किमी, 5,500 अंश. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने पत्रातून विचारलं, की तिथे कोण जाऊन आलं? माणसाला बारा-साडेबारा किलोमीटरच्या खाली भोक पाडता आलेलं नाही आणि आकडे मात्र पाच हजार किलोमीटरचे. शास्त्रज्ञ सांगतील ते मुलांनी का मानायचं? त्यावर आपल्याकडून खुलासा आला नाही. इतर वाचकांची जी दोन-तीन पत्रं आली, त्यांनी नुसती टर उडवली.

टर उडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रश्न चोख आहे. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, पण तो निघाला त्याला आपलं चित्रच जबाबदार आहे. आकडा छापायचा आणि तो कुठून आला हे छापायचं नाही, म्हणजे वाचकापुढे दोनच वाटा उरतात : मान डोलवा, नाहीतर हात झटका. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावावीच लागली तर शेवटच्या मागण्यांना लावा, मधल्या हिशेबाला लावू नका.

आधी त्या भोकाचं. पत्रलेखकाची माहिती बरोबर आहे. रशियाच्या वायव्य टोकाला कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1970 मध्ये भोक पाडायला घेतलं, तेलासाठी नव्हे, खाली खडक कसा आहे ते बघायला. 1989 मध्ये ते 12,262 मीटरवर पोहोचलं आणि पुढे जाईना. तळाशी शंभरेक अंश तापमान असेल असा अंदाज होता, ते निघालं 180 च्या घरात, आणि एवढ्या उष्णतेत नि दाबात खडक आपला ताठा सोडायला लागला. पृथ्वीची त्रिज्या आहे 6,371 किलोमीटर. म्हणजे जगातलं सगळ्यात खोल भोकसुद्धा त्या वाटेच्या पाचशेव्या हिश्शाइतकंही गेलेलं नाही. याच्या पुढचं जे काही आपण सांगतो ते न बघता सांगतो, हे कबूल.

पण न बघता म्हणजे न मोजता नव्हे. सुरुवात वजनापासून करू.

हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने 1797-98 मध्ये एक प्रयोग केला. उपकरण मुळात जॉन मिशेल यांचं; ते वारले आणि फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आलं. एक लाकडी दांडी तारेने आडवी टांगलेली, तिच्या दोन टोकांना शिशाचा एकेक लहान गोळा. या गोळ्यांच्या शेजारी प्रत्येकी 158 किलोचे शिशाचे मोठे गोळे आणून ठेवायचे आणि मोठ्याच्या ओढीने दांडी किती वळते ते बघायचं. ओढ इतकी क्षीण, की खोलीत माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलणार आणि दांडी भरकटणार. म्हणून यंत्र बंद खोलीत, आणि पासष्टी ओलांडलेला कॅव्हेंडिश भिंतीबाहेर, भोकातून दुर्बिणीला डोळा लावून. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. मोजमाप म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर मुलांना हे चित्र दाखवावं.

पुढचं त्रैराशिक आहे. 158 किलोचा गोळा एवढ्या अंतरावरून लहान गोळ्याला इतका ओढतो. पृथ्वी त्याच लहान गोळ्याला किती ओढते? ते तर त्याचं वजनच झालं. पृथ्वीच्या मध्यापासून तो किती लांब आहे हेही ठाऊक आहे. मग पृथ्वीत किती माल भरलाय ते काढता येतं. कॅव्हेंडिशने उत्तर दिलं, की पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या 5.48 पट. आजचा आकडा 5.51 आहे.

आता कुठलाही दगड उचला. ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या 2.7 पट, बसाल्टची तीनच्या आसपास. वरचा माल तीनचा आणि सरासरी साडेपाचाची. तेव्हा आतला माल साडेपाचाहून जड असलाच पाहिजे, आणि बराच जड. एवढं कळायला पृथ्वीला भोक पाडावं लागत नाही. कोणी म्हणेल, वरच्या वजनाने खालचा खडकच चेपून जड झाला असेल. होतो ना. प्रावरणाच्या तळाशी तो चेपून पाण्याच्या साडेपाच-पावणेसहा पट होतो. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही, कारण सरासरी साडेपाच यायची तर खालच्या भागाने वरच्या हलक्या खडकांची सगळी तूट भरून काढायला हवी. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती फिरताना तिचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी घेत डोलतो. त्या डोलण्यावरून आतला जडपणा कसा वाटला गेलाय याचा एक अंक काढतात. सगळीकडे सारख्या घनतेचा गोळा असेल तर तो 0.4 येतो, पृथ्वीचा येतो 0.33. म्हणजे जड माल मध्याकडे गोळा झालेला आहे.

किती खोलीवर, कोणत्या अवस्थेत, हे मात्र वजन सांगू शकत नाही. त्यासाठी लहरी लागतात, आणि इथे मला माझ्या धंद्याचं थोडं सांगू द्या.

मी वेल्ड तपासते. प्रेशर व्हेसल, जाड पाइप, क्रेनचे गर्डर यांच्या सांध्यांत आत कुठे भेग, स्लॅग (वेल्डिंगचा अडकलेला मळ) किंवा न चिकटलेली बाजू आहे का, हे अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी बघून सांगायचं. पोलादाच्या आत मीही कधी गेलेले नाही, आणि आपल्या वाचकाने विचारला तोच प्रश्न मला वेल्डर लोक विचारतात : ‘मॅडम, आत जाऊन आलात का?’ समजा 25 मिलिमीटर जाडीची प्लेट आहे. सांध्याच्या बाजूला ग्रीस लावून मी 60 अंशांचा प्रोब, म्हणजे त्या कोनात तिरकी लहर सोडणारा आणि परतलेली टिपणारा ठोकळा, सरकवत नेते. पडद्यावर 36 मिलिमीटरवर एक इको, म्हणजे परतलेल्या लहरीची खूण, टोकदार उभा राहतो. लहर तिरकी गेलेली, साठ अंशांचा कोसाइन अर्धा, तेव्हा खोली 18. खडूने खूण करून लिहिते : ‘18 वर साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजन’, म्हणजे तिथे बाजू चिकटलेली नाही. वेल्डर वैतागतो, गाउजिंगला, म्हणजे सांधा पुन्हा कोरायला बसतो, थरामागून थर जाळत जातो. पंधरा होतात, सोळा होतात, काही नाही. तो माझ्याकडे बघतो. आणि सतराच्या पुढे एक बारीक काळी रेघ उघडी पडते. त्या दिवसापुरता तरी ‘जाऊन आलात का’ हा विषय मिटतो.

लहर पाठवली, ती किती वेळाने परतली ते मोजलं, आणि पोलादात तिचा वेग काय हे आधीच ठाऊक होतं. बस, एवढंच भांडवल. पण या लहरी दोन प्रकारच्या असतात, आणि सगळी गंमत तिथे आहे.

पहिल्या प्रकारात कण लहरीच्या दिशेनेच पुढे-मागे होतात; दाब, सैल, दाब, सैल असं चालतं. पोलादात हिचा वेग सेकंदाला 5,900 मीटरच्या आसपास. दुसरीत कण लहरीच्या वाटेला आडवे हलतात. तिला आम्ही शिअर म्हणतो, आणि ती 3,200 मीटरच्या आसपासच धावते. ही आडवी लहर पुढे सरकायची तर पदार्थाला स्वतःचा आकार धरून ठेवायची खोड असावी लागते. एक थर बाजूला सरकला की त्याने शेजारच्याला ओढलं पाहिजे आणि शेजाऱ्याने त्याला परत जागेवर खेचलं पाहिजे. द्रवाला ही खोड नसते. सरकवला की सरकला, परत यायची त्याला निकड नाही. म्हणून द्रवातून दाबाची लहर जाते, शिअर जात नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सरळ शिअर सोडणारा प्रोब साध्या पातळ तेलावर ठेवून बघा, खाली पोलादात काही उतरत नाही. त्याला खास घट्ट, चिकट कपलंट, म्हणजे प्रोब आणि पोलाद यांच्यामधला लेप लागतो.

मग माझ्या 60 अंशांच्या प्रोबची शिअर लहर ग्रीसमधून कशी गेली? तर ती शिअर म्हणून गेलीच नाही. प्रोबमधल्या प्लास्टिकच्या पाचरीतून दाबाची लहर निघते, ती ग्रीसच्या थरातून बिनबोभाट पार होते, आणि पोलादाच्या हद्दीवर तिरकी आपटल्यामुळे तिथे शिअरचं रूप घेते. हद्दीवर लहर रूप बदलते, हे ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

भूकंप म्हणजे निसर्गाने फुकटात दिलेला प्रोब; आपल्या सोयीने चालू-बंद करता येत नाही एवढंच. भूकंपात याच दोन लहरी निघतात. दाबाची आधी पोहोचते, ती पी लहर. आडवी मागून येते, ती एस लहर. जवळच्या भूकंपाचं अंतर शाळकरी पोरालाही काढता येईल. कवचात पी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, एस साडेतीन. दोघी एकदमच निघतात, पण वाट जितकी लांब तितकं मधलं अंतर वाढत जातं. हिशेब केला तर दर सेकंदाच्या फरकाला सव्वाआठ-साडेआठ किलोमीटर पडतात. दोन्हींत दहा सेकंदांचा फरक आला, तर भूकंप ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. दिशा कळत नाही, म्हणून आपल्याभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. तीन ठिकाणांहून तीन वर्तुळं काढली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंप. आपल्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी असं एक कोडं सहज मावेल.

दूरचा भूकंप पृथ्वीच्या पोटातून येऊन यंत्रावर उमटतो, हे मात्र तुलनेने अलीकडे कळलं. एप्रिल 1889 मध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला एर्न्स्ट फॉन रेबॉर-पाश्विट्झ यांच्या लंबकाने विचित्र थरथर नोंदवली. त्यांनी नंतर ताडून पाहिलं, तर त्याच दिवशी टोकियोत भूकंप झालेला. तिथपासून जगभरच्या नोंदी जमवायला सुरुवात झाली, आणि त्या एकमेकींशी ताडून बघणारे लोक पुढे आले. त्यांतलं पहिलं मोठं नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम. 12 जून 1897 च्या आसामच्या महाभयंकर भूकंपाचा त्यांनी अभ्यास केला आणि युरोपात उमटलेल्या त्याच्या नोंदींमध्ये पी, एस आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी अशा तिघी वेगळ्या काढून दाखवल्या.

इथे आपल्या चित्रातली चूक निघते. ते लालभडक, वितळल्यासारखं रंगवलेलं प्रावरण! पी आणि एस, दोन्ही लहरी प्रावरणातून 2,900 किलोमीटर खोलवर जाऊन परत वर येतात. आडवी लहर ज्यातून जाते ते वितळलेलं असेल कसं? प्रावरण घन आहे. तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबाने ते वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या गतीने सरकतंही, पण आहे खडकच. लाव्हाचा उगम बहुतेक ठिकाणी वरच्या शंभर-दोनशे किलोमीटरांत असतो, जिथे खडकाचा थोडासा अंश वितळतो. चित्र बघून मुलांचा समज होतो की आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगतोय आणि ज्वालामुखी म्हणजे त्याला पडलेलं भोक. मोठ्यांचाही होतो. वाचकाने खरं तर यावर बोट ठेवायला हवं होतं.

लहरींच्या वाटा सरळ नसतात. खाली जावं तसा खडक दाबाने जड होतो, पण त्याहून जास्त ताठर होतो, आणि ताठरपणा वाढला की वेग वाढतो. प्रावरणाच्या वरच्या अंगाला पी लहर सेकंदाला 8 किलोमीटर जाते, तळाशी पावणेचौदाच्या जवळ. त्यामुळे लहर खाली जाता जाता वळते आणि कमान करून वर येते. किती वेळात कुठे वर आली, याचं कोष्टक केलं की कोणत्या खोलीवर काय वेग आहे ते उलट गणिताने निघतं. क्रोएशियाचे आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी 1909 च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून कवच आणि प्रावरण यांची हद्द अशीच पकडली. पाठ्यपुस्तकात ‘मोहो विलगता’ म्हणून जी आपण घोकतो, ती ही. खंडांखाली ती सरासरी 35 किलोमीटरवर येते, आणि समुद्रतळाखाली अवघ्या सातेक किलोमीटरवर, हे आपल्या चित्रात नाही.

गाभ्याचा शोधही कोष्टक बिघडल्यामुळेच लागला. ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये दाखवलं, की भूकंपाच्या अगदी पलीकडच्या बाजूला लहरी हिशेबापेक्षा उशिरा पोहोचतात. मध्यभागी त्यांना सावकाश चालायला लावणारं वेगळंच काही आहे. मग नोंदी वाढल्या तशी आणखी एक गोष्ट दिसायला लागली. भूकंपाची जागा, पृथ्वीचा मध्य आणि आपली जागा यांच्यातला कोन 104 अंशांपर्यंत असेल, म्हणजे जमिनीवरून साडेअकरा हजार किलोमीटरपर्यंत, तोवर पी आणि एस नेमाने येतात. पुढे सरळ आलेली एस लहर गायब. पीसुद्धा 104 पासून साधारण 140 अंशांपर्यंत जवळपास गायब, आणि मग पुन्हा हजर. मधल्या पट्ट्याला छायाक्षेत्र म्हणतात. पी लहर गाभ्यात शिरताना तिचा वेग पावणेचौदावरून एकदम आठवर येतो, म्हणून ती आतल्या बाजूला मोडते आणि मधला पट्टा वगळून पलीकडे निघते. छायाक्षेत्र कुठे सुरू होतं यावरून गाभ्याची खोली मोजता येते. बेनो गुटेनबर्ग यांनी 1914 च्या सुमारास ती काढली : 2,900 किलोमीटर. आजच्या साधनांनी ती 2,890 च्या आसपास येते. संगणक नव्हता, कागद-पेन्सिल होती, आणि चूक दहा किलोमीटरची. आत न जाता!

एस लहर गाभ्यातून जात नाही, म्हणजे तो द्रव आहे. हे 1926 मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी ठामपणे मांडलं, आणि त्यांनी नुसत्या एस लहरीवर भिस्त ठेवली नाही. भरती-ओहोटीच्या ओढीने अख्खी पृथ्वी किती लवते हे मोजलेलं होतं. एकट्या प्रावरणाचा ताठरपणा त्यापेक्षा जास्त भरतो, तेव्हा मध्ये काहीतरी अजिबात ताठर नसलेलं असल्याखेरीज हिशेब बसेना. दोन निरनिराळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की माझ्यासारख्या तपासणीवाल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. आणि ते मघाचं, हद्दीवर रूप बदलणं : प्रावरणातली एस लहर गाभ्याच्या हद्दीवर आपटते तेव्हा तिचा काही भाग पी होऊन द्रवातून पार जातो आणि पलीकडच्या हद्दीवर परत एस होऊन वर येतो. भूकंपशास्त्रज्ञ अशा लहरीला एसकेएस म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उडालेच. माझ्या प्रोबमध्ये पाचर, ग्रीस आणि पोलाद यांच्यामध्ये जे घडतं, तेच पृथ्वीच्या पोटात चाललेलं.

आता इंगे लेमान. डेन्मार्कच्या. माझ्या मते या सगळ्या कहाणीत सगळ्यात तीक्ष्ण नजर यांची. 17 जून 1929 ला न्यूझीलंडमध्ये मर्चिसनजवळ मोठा भूकंप झाला. त्याच्या दूरदूरच्या नोंदी चाळताना त्यांना छायाक्षेत्रात, जिथे पी लहर यायला नको, तिथे बारीकशा लहरी दिसल्या. इतरांनीही अशा पाहिल्या होत्या. हद्दीच्या कडेवरून वळून आल्या असतील म्हणून सोडून दिल्या होत्या. लेमान यांना त्या तेवढ्याने समजावल्या जाण्याइतक्या क्षीण वाटल्या नाहीत. नोंदींच्या चिठ्ठ्या त्यांनी ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या होत्या, असं त्यांच्या नात्यातल्या एकाने सांगितलंय. 1936 मध्ये त्यांनी मांडलं, की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि या लहरी त्याच्यावरून उसळून आलेल्या आहेत. वेल्डच्या तपासणीत कितीदा तरी अशी बारीक शेंडी पडद्यावर दिसते आणि ‘असेल काहीतरी खडबडीत’ म्हणून पुढे जायचा मोह होतो. म्हणून मला त्यांचं मोठेपण जरा जास्त कळतं. त्या 104 वर्षं जगल्या.

हा आतला गाभा घन आहे हे पक्कं व्हायला आणखी काही दशकं गेली. 22 मे 1960 च्या चिलीच्या 9.5 क्षमतेच्या भूकंपाने अख्खी पृथ्वी कंप पावत राहिली; तिचं सगळ्यात संथ कंपन सुमारे 54 मिनिटांत एक फेरा पुरा करतं. अशा कंपनांच्या वेळा जुळवताना 1971 मध्ये झिवोन्स्की आणि गिल्बर्ट यांनी दाखवलं, की अंतर्गाभा घन धरला तरच मोजलेले आकडे बसतात.

म्हणजे 35, 2,900 आणि 5,150 हे तीन आकडे लहरींनी घासून-पुसून तपासलेले आहेत. चौथा आकडा, 5,500 अंश, त्या पंक्तीत बसत नाही, आणि आपण तो त्याच ठळक टाइपात छापलात. लहर तापमान सांगत नाही. वरच्या भागात दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं, तोच दर पुढे धरला तर गाभ्याच्या हद्दीवरच सत्तर-ऐंशी हजार अंश येतील, जे साफ अशक्य. प्रावरण तेवढ्यात कधीच वितळून गेलं असतं, आणि ते घन आहे हे आपण आत्ताच पाहिलं.

मग तापमान काढतात ते आडवाटेने. गाभा मुख्यतः लोखंडाचा आहे, असं मानायला आधार आहे : घनता आणि लहरींचा वेग लोखंडाशी जुळतो, आकाशातून पडणाऱ्या काही अशनी लोखंड-निकेलच्या असतात. द्रव भाग शुद्ध लोखंडापेक्षा पाच-दहा टक्के हलका भरतो, तेव्हा त्यात गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन यांच्यापैकी काही हलकं मिसळलेलं असणार. आता बघा, अंतर्गाभ्याची हद्द म्हणजे ज्या जागी लोखंड द्रवाचं घन होतं ती जागा. तिथला दाब वजनाच्या हिशेबाने ठाऊक आहे, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 33 लाख पट. एवढ्या दाबाखाली लोखंड किती अंशांवर वितळतं हे कळलं, की त्या जागेचं तापमान कळलं. प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये लोखंडाचा कण चिरडतात, लेझरने तापवतात आणि क्ष-किरणांनी तो वितळला का ते बघतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला 2013 मध्ये असं मोजून, पुढचा पल्ला गणिताने वाढवून, उत्तर आलं सुमारे 6,000 अंश, 500 अंश इकडे-तिकडे. इतरांची उत्तरं याच्या खाली-वर आहेत. इतक्या उष्णतेत अंतर्गाभा घन कसा, हे कोडंही इथेच सुटतं : दाबाने वितळायचा बिंदूच वर नेऊन ठेवलाय.

तेव्हा माझ्या मागण्या. प्रावरणाचा रंग बदला. तपकिरी, हिरवट, काहीही चालेल, पण उकळतं दाखवू नका. तापमानाला एकच आकडा न देता ‘5,000 ते 6,000 अंश, अंदाजे’ असं छापा आणि खोलीचे आकडे आहेत तसे ठेवा, म्हणजे कशावर किती भरवसा ठेवायचा ते मुलांना आकड्यावरूनच दिसेल. प्रत्येक आकड्याखाली एक ओळ, तो कशावरून काढला याची. त्या पत्रलेखकाचा प्रश्न चौकटीत वर छापा; तो काढून टाकू नका.

आणि चित्रकाराला एक निरोप. आपल्या चित्रात भूकवच बोटभर जाड आहे. मध्यापासून कडेपर्यंत 10 सेंटिमीटरचं चित्र काढलं तर खंडाचं 35 किलोमीटरचं कवच अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येतं, आणि समुद्राखालचं एक दशांश मिलिमीटर. पेनाच्या साध्या रेघेत दोन्ही मावतील. कोलाचं भोक दाखवायचंच असेल, तर ते 0.2 मिलिमीटरलाही कमी पडेल; त्याच्यासाठी बाण लागेल.

आपली,
वेल्ड तपासणी करणारी एक वाचक